शेवटच्या कप्प्यातली हिरवी कोर

सुजे, आधी निकाल सांगते, रडणं नंतर. रविवारी तुझी प्लेट मी उघडली. लॅबच्या मॅडम फेकून दे म्हणाल्या होत्या, मी ऐकलं नाही. तू म्हणशील, त्यात नवीन काय! खरंच काही नवीन नाही. पण त्यात जे दिसलं ना, ते बघून मी मायक्रोस्कोपच्या त्या काळ्या पडद्यामागे एकटीच "आयला!" म्हणून ओरडले. वॉचमन धावत वर आला. त्याला वाटलं, मला शॉक बसला.

थांब. तू असतीस तर लगेच हात वर केला असतास, "दीपे, सुरुवातीपासून. शेवट आधी सांगायची तुझी खोड जाणार नाही." बरं बाई, सुरुवातीपासून.

शुक्रवारी दुपारी तू त्या कप्प्याकप्प्यांच्या प्लेटमधल्या पेशींवर व्हायरस टाकलास, माझ्याबरोबर चहा प्यायलीस आणि घरी गेलीस. संध्याकाळी घरीच कोसळलीस. मेंदूतली नस फुटली म्हणे. शनिवारी सकाळी तू नव्हतीसच. हे मी गेल्या आठवड्यात इतक्या जणांना सांगितलंय की आता ते पाठांतरासारखं येतं. तुला ते सांगण्यात अर्थ नाही. तुला फक्त प्लेटचं सांगायचंय, कारण तेवढंच तुला ठाऊक नाही.

आपली ओळखच मुळी भांडणाने झाली, आठवतंय? परळच्या त्या लॅबमध्ये आपल्या दोघींना एकच टेबल दिलं. तू उजवीकडे, मी डावीकडे. मी उजवी, तू डावरी. म्हणजे माझा उजवा हात आणि तुझा डावा हात दोन्ही मधोमध. पहिल्याच दिवशी तुझं कोपर मला लागलं आणि माझ्या पिपेटमधलं सगळं औषध टेबलावर. मी म्हटलं, "दिसत नाही का गं?" तू म्हणालीस, "दिसतं. म्हणून तर सांगते, सरक." हो ना करता करता दोन दिवस कोपरं लढली. मग तूच म्हणालीस, "ए, आपण जागा बदलूया की." बदलल्या. मी उजवीकडे, तू डावीकडे. कोपरं दोन टोकांना गेली आणि आपलं जुळलं. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याचा मला कितीतरी दिवस राग होता.

आणि मग तो प्रश्न. लोकांना वाटतं, आपण काय भयंकर करत होतो तिथे. प्रश्न अगदी साधा, दाराचा होता. डोळ्याच्या अगदी पुढे काचेसारखा स्वच्छ पडदा असतो, कॉर्निया. त्याच्यावर पेशींचे थर असतात, एकावर एक, घट्ट. ताप उतरताना ओठाच्या कडेला फोड आणणारा जो व्हायरस, तोच कधीकधी या पडद्यात शिरतो आणि तिथे झाडाच्या फांदीसारखी जखम करतो. वेळेत कळलं नाही तर नजर जाते. पण तो शिरतो कसा? मी म्हणायचे, कसा म्हणजे? डोळ्याच्या पाण्यातून येतो, वरच्या पेशीला चिकटतो, आत जातो. प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या पेशींत सरळ जाताना आपण बघतोच की. तू मान हलवायचीस. "बशीत एकच थर असतो गं. खऱ्या डोळ्यात थरावर थर आहेत. वरून दार बंद आहे. कुठेतरी खरचटलं असेल तरच जाईल."

तुझ्या डोक्यात हे कुठून आलं ते मला माहितीय. तुमच्या वरळीच्या बीडीडी चाळी पाडत होते तेव्हा. धूळ नुसती. तू रोज लाल डोळे घेऊन यायचीस आणि मी ओरडायचे, चोळू नकोस. एक दिवस हात डोळ्याकडे नेता नेता तू मध्येच थांबलीस. "दीपे, चोळणं. चोळताना धुळीचा कण घासतो. तेच दार असेल तर?" तो चेहरा! डबा उघडा, त्यातली सुकटीची चटणी माशांना आंदण, आणि बाईसाहेब हवेत बोट फिरवून कॉर्निया काढतायत.

मग आपण खऱ्या डोळ्यासारखे थर वाढवायला लागलो. नेत्रदानात आलेल्या डोळ्याचा मधला भाग पेशंटला लागतो, कडेचा उरलेला कंगोरा आपल्याकडे यायचा. त्यातून पेशी सुटायला, वाढायला, थर चढायला किती जपावं लागायचं! तू त्यांच्याशी बोलायचीस. व्हायरस टाकायच्या आधी तर हमखास, "चला गं, पाहुणे येतायत, आवरून बसा." आपल्या व्हायरसला हिरव्या प्रकाशाची जोड होती. ज्या पेशीत तो शिरला ती मायक्रोस्कोपखाली हिरवी चमकणार. नाही शिरला तर काळोख. हो किंवा नाही. भांडायला इतका सोपा विषय जगात दुसरा नसेल.

आणि आपण भांडलो! माझ्या प्लेट हिरव्या यायच्या, तुझ्या काळ्या. माझी विजयी मुद्रा बघून तू मला ढकललंस आणि डोळा लावलास. त्या काळ्या पडद्यामागे जागा ती केवढी, दोघी आत शिरलो की डोकी आपटायची. एकेक कप्पा सरकवत बघत गेलीस. मग म्हणालीस, "दीपे, तुझ्या प्रत्येक कप्प्यात हिरवा रंग उजव्या कडेलाच आहे. कोरीसारखा. व्हायरसला उजवं-डावं कळतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो व्हायरस वरून शिरलेला नाही. पाणी बदलताना तुझ्या पिपेटचं टोक त्या कडेला टेकतं. तिथे खरचटतं. तिथून जातो."

अस्सा राग आला मला! माझ्या हाताला नावं? लालबागची मी, आम्ही गणपतीत दोनदोनशे मोदक वळतो, एकाची कळी फाटत नाही. मी म्हटलं, "आणि तुझ्या काळ्या का? तुझा व्हायरस मेलेला आहे म्हणून. फ्रीज नीट लावत नाहीस." तू शांतपणे म्हणालीस, "माझा हात टेकत नाही म्हणून." बस्. तेव्हापासून ते तुझं पालुपद झालं. माझा हात टेकत नाही. चहाचा कप उचलताना, मिसळीत पाव बुडवताना, माझ्या कपाळाची टिकली सरळ करताना, डावा हात हवेत धरून, "बघ, टेकत नाही." किती चिडायचे मी. आणि किती हसायचे, ते तुला दिसू नये म्हणून तोंड फिरवून.

शेवटी सोक्षमोक्ष लावायचं तूच ठरवलंस. एकच प्लेट, एकच व्हायरस, एकच हात, तुझा. वरच्या ओळीतल्या कप्प्यांत सुईने मधोमध एक सरळ ओरखडा. खालच्या ओळीला काही नाही, नुसतं थेंब थेंब करून कप्प्याच्या भिंतीवरून व्हायरस सोडायचा. तुझं खरं असेल तर वर हिरव्या रेघा आणि खाली काळोख. माझं खरं असेल तर दोन्हीकडे दिवाळी. आणि तुझा व्हायरस मेलेला असेल तर सगळीकडेच अमावस्या. शुक्रवारी तू हे सगळं केलंस, मी शेजारी बसून हाताची घडी घालून बघत होते, तुझ्या अंगठ्यावर नजर ठेवून. मध्येच माझा फोन वाजला म्हणून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा तू प्लेटचं झाकण लावत होतीस. "रविवारी बघू," म्हणालीस. "हरणाऱ्याने खरवस आणायचा."

रविवार आला. तू नव्हतीस.

मी सकाळी चपला घालत होते तर आई दारात आडवी. "खंय चललंस गो? काल त्या पोरीक पोचवन इलंस, आज तरी घराक रव." मी म्हटलं, आई, प्लेट आहे तिची, आजच थांबवायला हवी, नाहीतर व्हायरस पसरत जाईल आणि काही कळणार नाही. आई म्हणाली, पेटो तुझी ती प्लेट. आणि आत जाऊन डबा भरून आणला. सवयीने सोलकढीच्या दोन बाटल्या भरल्या होत्या. दुसरी हातात घेऊन उभी राहिली, काढेना, देईना. मी दोन्ही पिशवीत टाकल्या आणि निघाले.

रस्त्यात मॅडमचा फोन. बिचाऱ्या चांगल्या मनाने बोलत होत्या. "दीपा, आज नको. तुझी मनःस्थिती नाही. टाकून दे, नंतर पुन्हा करू." माझं डोकंच फिरलं. भर नाक्यावर मी ओरडले, "मॅडम, पुन्हा कुठून करू? इतक्या पेशी कधी जमणार? आणि जमल्या तरी हात कुणाचा आणू?" शेजारी फुलं विकणारी बाई माझ्याकडे बघायला लागली.  मॅडम म्हणाल्या, "ग्लोव्हज घाल दोन." म्हणजे हो.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. इन्क्युबेटर उघडला. झाकणावर तुझं ते डावीकडे कललेलं अक्षर, आणि शेजारी माझ्यासाठी काढलेलं तोंड वेडावणारं चित्र. मी म्हटलं, सुजे, नंतर रडते हं, आधी काम. फॉर्मलिन घातलं, व्हायरसचं काम थांबलं, धुतलं, दिवे मालवले, पडदा ओढला. एवढा मोकळा कधी वाटला नव्हता तो कोपरा. माझं डोकं कशालाच आपटलं नाही.

पहिला कप्पा. बाई गं! मधोमध हिरवी रेघ. अशी सरळ, अशी लखलखीत, जशी पट्टीने आखलेली. आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळोख. दुसरा, रेघ. तिसरा, रेघ. तुझा व्हायरस जिवंत होता सुजे, चांगला टुणटुणीत होता! मी हरायला लागले होते आणि माझ्या अंगावर आनंदाने काटा येत होता. एवढ्या दिवसांचं भांडण, आणि उत्तर असं समोर हिरवंगार पडलेलं. मग प्लेट खालच्या ओळीकडे सरकवली. पहिला कप्पा, काळा. दुसरा, काळा. पुढचा, काळा. इकडे बघ, तिकडे बघ, एक ठिपका नाही. वरून दार बंद. तू बरोबर होतीस. तू शंभर टक्के बरोबर होतीस, शहाणे!

आणि शेवटचा कप्पा.

शेवटच्या कप्प्यात कोर होती. बारीक, नखाएवढी, हिरवी. उजवीकडे नाही, डावीकडे. मी प्लेटची दिशा कळावी म्हणून कापलेला कोपरा तपासला. मायक्रोस्कोप उलटं दाखवतो म्हणून प्लेट काढून, फिरवून, पुन्हा लावून बघितली. डावीकडेच. माझ्या हाताने कधीही तिथे टोक टेकणार नाही, टेकूच शकत नाही. तेव्हा ओरडले मी. "आयला! सापडलीस!" तुझा हात टेकला होता, सुजे. मी बाहेर फोनवर होते तेवढ्यात टेकला होता. मी इतकी हसले, इतकी हसले, आणि वॉचमन आला तेव्हा मला सांगताच येईना की मी हसतेय की काय करतेय. त्याने पाणी आणलं. मी त्याला सोलकढी दिली. तुझी बाटली.

आता तुझ्या आईचं सांगते.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारात तुमची सगळी जुनी चाळ आली होती. आता नव्या इमारतीत सगळे वेगवेगळ्या मजल्यांवर गेलेत, पण त्या दिवशी बसले मात्र जुन्या खोल्यांच्या क्रमाने, शेजारी शेजारी. वंदना झाली, एकेकजण तुझ्याविषयी बोलला. तुझे काका बोलले, शाळेतली मैत्रीण बोलली. चांगलं बोलले, पण ती तू नव्हतीस. हुशार, शांत, मनमिळाऊ. शांत म्हणे! मी मागे भिंतीला टेकून बसले होते, बोलायचं नाही असं ठरवून. तर तुझ्या आईने मान वळवून मला शोधलं.

"ए लालबाग," मावशी म्हणाल्या. मला त्या कधी नावाने हाक मारतात? "तू सांग. ती रोज येऊन मला सांगायची, आज दीपा हे बोलली, मग मी ते बोलले. भाजी निवडता निवडता मी ऐकायची. ते अर्ध्यातच राहिलं. शेवटी कोण बरोबर निघालं?"

सगळा विहार माझ्याकडे बघतोय. मी उठले. पाठ केलेलं काहीच नव्हतं. मी सरळ सांगितलं, डोळ्यावरचा पडदा काय, व्हायरस काय, ओरखडा काय, हिरवी रेघ काय. सांगता सांगता माझा आवाज चढला, हात हलायला लागले, तू ज्याला माझं "भाजीवालीचं लेक्चर" म्हणायचीस ते सुरू झालं. म्हटलं, डोळे चोळू नका, चोळताना जे बारीक खरचटतं ना, तिथून तो आत जाऊ शकतो, निदान आमच्या प्लेटवर तरी तिथूनच गेला, आणि हे आमच्या सुजाताने दाखवलं. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळ्याकडे नेलेला हात गपकन खाली घेतला. "ती बरोबर होती मावशी. पूर्ण बरोबर. मी हरले. पण..."

"पण काय?"

"ती म्हणायची ना, माझा हात टेकत नाही? टेकला. एका कप्प्यात टेकला."

आणि मावशी हसल्या. तू गेल्याच्या दिवसापासून त्या माउलीचा चेहरा दगड झाला होता, त्या हसल्या. "टेकणारच! डावरी ती. दाखव."

मी मोबाइलवर त्या कप्प्याचा फोटो उघडून दिला. काळोखात हिरवी कोर. मावशींनी चष्मा वर केला, फोन अगदी जवळ धरला. "हा तिचा हात?"

"हो मावशी. तिचाच. माझा असता तर दुसऱ्या बाजूला आला असता."

त्यांनी त्या कोरीवर अंगठा ठेवला, स्क्रीन सरकली, पुन्हा जागेवर आणली. म्हणाल्या, "जेवताना ह्या हातावर चापट मारायची मी. उजव्याने खा, उजव्याने खा. ऐकायची नाही." मग फोन शेजारच्या बाईकडे दिला. तो सगळ्या विहारात फिरला, खोल्यांच्या क्रमाने. भंतेजींनीही बघितला. माझ्याकडे परत आला तेव्हा काचेवर इतकी बोटं उठली होती की फोटोच दिसत नव्हता. मी अजून पुसलेला नाही.

एक गोष्ट मात्र मावशींना सांगितली नाही. ती तुला सांगते. तो शेवटचा कप्पा होता. त्याच्या आधीच्या एकाही काळ्या कप्प्यात तुझा हात टेकला नव्हता. तू खोटं बोलत नव्हतीस, तुझा हात टेकत नव्हताच. चहा पिताना तू म्हणाली होतीस, आज डोकं फार ठणकतंय गं. तर त्या शेवटच्या कप्प्याशीच ते सुरू झालं असेल का? तेव्हाच तुझा हात पहिल्यांदा हलला असेल का? मला माहीत नाही. आपण अशा एका कप्प्यावरून काही ठरवत नाही, हे तूच मला हजारदा ऐकवलंयस. मी कुणा डॉक्टरला विचारणार नाही. पण डोळे मिटले की ती कोर दिसते.

बरं, पुरे. काल मॅडम म्हणाल्या, तो शेवटचा कप्पा मोजणीतून काढ, हाताची चूक आहे ती. नियमाने बरोबर आहे त्यांचं, तूही हेच म्हणाली असतीस. काढला मोजणीतून. पण शोधनिबंधात त्याचा फोटो छापायचा, असं मी सांगितलंय. त्याखाली एक ओळ जाणार: डाव्या कडेला पिपेटचं टोक टेकल्याची खूण. मॅडम म्हणाल्या, कशाला? मी म्हटलं, मुद्दाम ओरखडा काढला नाही तरीही जिथे टेकलं तिथूनच तो गेला, याहून मोठा पुरावा कोणता? खरं कारण त्यांनाही कळलं असणार. 

तू मात्र थयथयाट केला असतास. "माझी चूक छापतेस? जगभर? दीपे, काढ तो फोटो!" मला ऐकू येतंय.

कालपासून मी जागा बदललीय. पुन्हा पहिल्यासारखी, डावीकडे, चुकीच्या बाजूला बसते. माझा उजवा हात मधोमध येतो. कामाला अवघड जातं, पण बसते. फोटो काढून टाकायला हवा असेल ना तुला, तर सोपं आहे. मार एक कोपर.